दोन बिंदूंवरून रेषेचा चढ: रिक्षाच्या मीटरपासून खंडाळ्याच्या घाटापर्यंत

राज्य मंडळाच्या दहावीच्या भूमितीत निर्देशक भूमिती सुरू झाली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: सूत्र तोंडपाठ आहे, तरी उत्तर चुकतं. वही उघडून बघावं तर भागाकार बरोबर असतो. चूक त्याच्या आधीच्या ओळीत असते, कशातून काय वजा करायचं तिथे. म्हणून इथे सूत्र जरा उशिरा येईल. आधी दोन फरक काढू. ते नीट निघाले की सूत्रात शिकण्यासारखं फारसं काही उरत नाही.

नववी-दहावीच्या मुलांना हे एकट्याने वाचून जमायला हवं. त्यांच्या शेजारी बसून अभ्यास घेणाऱ्या आईबाबांनाही जमेल, शाळा सुटून कितीही वर्षं झाली असली तरी.

लागेल काय? आलेख कागद, टोक केलेली पेन्सिल, पट्टी. आलेख कागदासाठी अप्पा बळवंत चौकातल्या गर्दीत शिरायची गरज नाही. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातही सुटे कागद मिळतात. कॅल्क्युलेटर मात्र लांब ठेवा. चढाचं उत्तर बऱ्याचदा अपूर्णांकात येतं आणि ते तसंच ठेवायचं असतं. दोन तृतीयांशाचे ०.६६६ केले की पुढे दोन चढांची तुलना करताना पंचाईत होते.

अक्षरांबद्दल एकदाच सांगते. शाळेच्या पुस्तकात एक्स आणि वाय असतात, मी क्ष आणि य लिहिते आहे. क्ष म्हणजे आडवा निर्देशक, य म्हणजे उभा. चढासाठी पुस्तकात एम हे अक्षर असतं. मी सरळ ‘चढ’ असंच लिहीन.

बिंदू वाचणं

(४, −२) म्हणजे आरंभबिंदूपासून उजवीकडे ४ आणि तिथून खाली २. पहिली संख्या नेहमी आडवी, दुसरी नेहमी उभी. ही अदलाबदल खपत नाही: (४, −२) चौथ्या चरणात आहे आणि (−२, ४) दुसऱ्या चरणात, म्हणजे अगदी समोरासमोरच्या कोपऱ्यांत. हे येत असेल तर पुढे चला. येत नसेल तर आज फक्त दहा-बारा बिंदू कागदावर मांडा आणि बाकीचं उद्या वाचा.

दोन फरक

अ(२, ३) आणि ब(६, ११) हे दोन बिंदू घेऊ. ते एका ओळीत शेजारी शेजारी न लिहिता एकाखाली एक लिहा, वजाबाकी मांडतो तसे:

ब: ६, ११
अ: २, ३
फरक: ४, ८

डावीकडचा ४ हा आडवा फरक, म्हणजे अ पासून ब पर्यंत आपण उजवीकडे किती सरकलो. उजवीकडचा ८ हा उभा फरक, म्हणजे तेवढ्यात किती वर गेलो. आता उभ्या फरकाला आडव्या फरकाने भागा.

चढ = ८ ÷ ४ = २

या २ चा अर्थ असा की या रेषेवर उजवीकडे एक घर सरकलं की वर दोन घरं जावं लागतं. विश्वास बसत नसेल तर पेन्सिल अ वर ठेवा आणि चाला: (२, ३), (३, ५), (४, ७), (५, ९), (६, ११). बरोबर ब वर पोचलात. हा ताळा फुकटचा आहे, वापरत जा.

उभा फरक वर आणि आडवा खाली, हे मात्र लक्षात ठेवावंच लागतं. ‘किती चढलो’ हा प्रश्न आहे, म्हणून चढलेलं अंतर वर. उलटं केलंत तर वरच्या उदाहरणात २ ऐवजी १/२ येईल, आणि ती रेषा फारच सपाट निघेल.

आता सूत्र लिहायला हरकत नाही. पहिल्या बिंदूचे निर्देशक क्ष१, य१ आणि दुसऱ्याचे क्ष२, य२ धरले तर

चढ = (य२ − य१) ÷ (क्ष२ − क्ष१)

इथले १ आणि २ म्हणजे पहिला, दुसरा एवढंच. गुणाकार नाही, वर्ग तर नाहीच.

पहिला कोण, दुसरा कोण?

कोणीही. वरच्याच उदाहरणात ब मधून अ वजा करण्याऐवजी अ मधून ब वजा करून बघा. उभा फरक ३ − ११ = −८, आडवा फरक २ − ६ = −४. भागाकार पुन्हा २. दोन्ही चिन्हं एकदमच बदलली, त्यामुळे उत्तर हललं नाही.

घोटाळा होतो तो अर्ध्यावर विचार बदलला की. वर ११ − ३ केलं आणि खाली २ − ६ केलं, तर ८ ÷ (−४) = −२ येतं. आकडा अगदी बरोबर, चिन्ह चुकीचं, आणि म्हणून ही चूक पटकन नजरेत येत नाही. उत्तर तपासताना ‘दोन तर आलेत’ म्हणून मुलं पुढे जातात. माझ्या मते चढाच्या निम्म्या चुका या एका प्रकारातल्या असतात. एकाखाली एक लिहायचा आग्रह मी त्यासाठीच धरते: वरची ओळ वजा खालची ओळ, दोन्ही रकान्यांत तेच. तशी मांडणी केली की क्रम बिघडवायला जागाच राहत नाही.

ऋण संख्या आल्या की

क(−३, ५) आणि ड(२, −५).

ड: २, −५
क: −३, ५

आडवा फरक: २ − (−३) = २ + ३ = ५. उभा फरक: −५ − ५ = −१०. चढ = −१० ÷ ५ = −२.

कंस गाळू नका. ‘२ − −३’ असं लिहिलं की घाईत त्यातली एक रेघ डोळ्यांतून निसटते आणि ५ च्या जागी −१ येतो. परीक्षेत कंसाला वेगळे गुण नसतात, पण तो न लिहिल्याने जाणारे गुण बरेच असतात.

उत्तर आल्यावर कच्ची आकृती काढा. नेमकी नको, बिंदू साधारण कुठे आहेत एवढं दिसलं तरी पुरे. डावीकडून उजवीकडे जाताना रेषा वर चढत असेल तर चढ धन, खाली उतरत असेल तर ऋण. क वर डावीकडे आहे, ड खाली उजवीकडे. रेषा उतरते आहे, म्हणून −२ चं ऋण चिन्ह पटतं. मघाची अर्ध्यावर क्रम बदलायची चूक याच आकृतीत पकडली जाते. बघताना नेहमी डावीकडून उजवीकडे बघा, कारण उलट बाजूने बघितलं तर प्रत्येक चढ हा उतारच असतो.

रेषेवरचे कुठलेही दोन बिंदू चालतात, ते का?

हा प्रश्न मुलं फारशी विचारत नाहीत, पण सगळी गंमत इथेच आहे. रेषेवर असंख्य बिंदू आहेत. मी हे दोन घेतले, तुम्ही दुसरे दोन घेतलेत. उत्तर तेच येईल याची खात्री काय?

एक तिरपी रेषा काढा. तिच्यावरचे जवळजवळचे दोन बिंदू घेऊन त्यांच्यामध्ये आडवी आणि उभी रेघ मारा, एक छोटा काटकोन त्रिकोण तयार होईल. मग लांबलांबचे दोन बिंदू घेऊन तसाच मोठा त्रिकोण काढा. दोन्हींत एक कोन काटकोन आहे. दोन्हींत तिरपी रेषा आडव्या बाजूशी तोच कोन करते, कारण आडव्या रेघा एकमेकींना समांतर आहेत आणि तिरपी रेषा त्यांची छेदिका, म्हणजे दोघींना छेदणारी रेषा, आहे. दोन कोन जुळले म्हणजे को-को (कोन-कोन) कसोटीने त्रिकोण समरूप, म्हणजे आकार तोच, फक्त लहानमोठे, आणि समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू प्रमाणात असतात. उभी बाजू भागिले आडवी बाजू हे गुणोत्तर छोट्या त्रिकोणात जेवढं, मोठ्यातही तेवढंच. समरूपतेचं प्रकरण दहावीला आधी शिकवतात, ते इथे कामाला येतं.

यावरून एक व्यावहारिक सल्ला: आलेखावरून बिंदू वाचायचे असतील तर लांबलांबचे घ्या. वाचताना अर्ध्या घराची गडबड झाली तर ४० घरांच्या फरकात ती दबून जाते. २ घरांच्या फरकात ती उत्तराचा बट्ट्याबोळ करते.

रिक्षाचं मीटर

पुण्यात १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेला रिक्षाचा दर असा: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये. आडव्या अक्षावर अंतर किलोमीटरमध्ये घ्या, उभ्या अक्षावर भाडं रुपयांत. मीटर प्रत्यक्षात टप्प्याटप्प्याने उडी मारतो, ते तूर्त सोडून देऊ.

दीड किलोमीटरला २५ रुपये, म्हणजे बिंदू (१.५, २५). साडेचार किलोमीटरला २५ + ३ × १७ = ७६ रुपये, म्हणजे बिंदू (४.५, ७६).

उभा फरक ७६ − २५ = ५१ रुपये. आडवा फरक ४.५ − १.५ = ३ किलोमीटर. चढ = ५१ ÷ ३ = १७ रुपये प्रति किलोमीटर.

म्हणजे चढ हा या आलेखात रिक्षाचा दरच आहे. नुसतं १७ म्हणून थांबू नका, एककासह म्हणा. रुपयांना किलोमीटरने भागलं, म्हणून रुपये प्रति किलोमीटर. विज्ञानाच्या वहीतला अंतर-काल आलेखही असाच: तिथे उभं अंतर, आडवा वेळ, त्यामुळे चढ म्हणजे चाल. दोन विषय, पण पद्धत एकच.

आता शून्यापासून दीड किलोमीटरपर्यंत काय होतं ते बघा. अर्धा किलोमीटर गेलात तरी २५, सव्वा गेलात तरी २५. बिंदू (०.५, २५) आणि (१.२५, २५). उभा फरक ०, आडवा फरक ०.७५, चढ ० ÷ ०.७५ = ०. आलेखाचा हा तुकडा क्ष-अक्षाला समांतर आहे. शून्य चढ हे खरंखुरं उत्तर आहे. ते लिहायचं असतं, ‘उत्तर नाही’ असं म्हणायचं नसतं.

मग रिक्षा विद्यापीठ चौकात अडकते. चाकं जागच्या जागी, पण मीटरवर वेटिंगचे पैसे चढतायत. समजा (४.५, ७६) पासून भाडं (४.५, ८०) ला गेलं. उभा फरक ४, आडवा फरक ४.५ − ४.५ = ०. आता ४ ला ० ने भागायचं? शून्याने भागता येत नाही, म्हणून या उभ्या तुकड्याचा चढ निश्चित करता येत नाही. हेच वाक्य उत्तर म्हणून लिहा. ० लिहिलंत तर रेषा सपाट झाली, आणि ती तर भिंतीसारखी उभी आहे. शून्य वर आलं तर चढ शून्य, शून्य खाली आलं तर चढ नाहीच: या दोघांची सरमिसळ करणारे पुष्कळ भेटतात.

मीटरचं उदाहरण मला आवडतं ते एका सापळ्यामुळे. कोणी हुशारी करून (०, २५) आणि (४.५, ७६) हे बिंदू घेतले तर? ५१ ÷ ४.५, म्हणजे साधारण ११.३३. असा दर पुण्यात कुठल्याच किलोमीटरला नाही. वजाबाकी बरोबर, भागाकार बरोबर, पण दोन बिंदू दोन वेगळ्या तुकड्यांवरचे. आधी विचारायचं ते हे: माझे दोन्ही बिंदू एकाच सरळ रेषेवर आहेत का?

आणि हा आलेख काढताना दोन्ही अक्षांचं प्रमाण वेगळं ठेवावं लागेल, कारण भाडं शंभरीत जातं आणि अंतर दहात. उभ्या अक्षावर १ सेमी = १० रुपये घेतले तर रेषा बऱ्यापैकी उभी दिसते, १ सेमी = ५० रुपये घेतले तर तीच रेषा आळसावलेली दिसते. चढ दोन्हीकडे १७च. म्हणून कागदावरची घरं मोजून भागाकार करू नका. अक्षांवरचे आकडे वाचा.

घाटात

पुणेकरांना चढ हा विषय पायांनी माहीत असतो, पर्वतीच्या पायऱ्या आहेतच. पण आकडे चांगले मिळतात ते रेल्वेकडे. कर्जतहून लोणावळ्याकडे बोरघाट, म्हणजेच खंडाळ्याचा घाट, चढणारा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. सुमारे १६ मैलांच्या या मार्गावर गाडी १,८३१ फूट वर चढते. पायथा (०, ०) धरू आणि माथा (१६ मैल, १८३१ फूट).

इथे लगेच भागाकार करू नका. एकीकडे मैल, एकीकडे फूट आहेत. दोन्हीकडे लांबीच मोजायची असेल तर एकक एकच हवं. एका मैलात ५,२८० फूट, म्हणून १६ मैल म्हणजे ८४,४८० फूट. चढ = १८३१ ÷ ८४४८०, जवळपास १/४६. रेल्वेवाले याला ‘४६ ला १’ म्हणतात: ४६ फूट पुढे, १ फूट वर. (१६ मैल हे रुळांवरून मोजलेलं अंतर आहे, नकाशावरचं आडवं अंतर नाही. पण इतक्या सौम्य चढावर दोघांतला फरक नगण्य असतो.)

आता गंमत अशी की या घाटातला सर्वांत कडक चढ ३७ ला १ असा आहे. मग आपले ४६ चुकले का? नाही. रूळ पायथ्यापासून माथ्यापर्यंत एका सरळ रेषेत चढत नाहीत, कुठे जास्त, कुठे कमी. दोन टोकांचे बिंदू जोडून जो आकडा मिळाला तो सरासरी चढ. मधल्या कुठल्या तुकड्यात काय होतं ते त्यातून कळत नाही. आणि इंजिनाला सरासरी चढायची नसते, त्याला सगळ्यात वाईट तुकडा पार करायचा असतो. मुंबईहून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं (बँकर) जोडतात ती त्याच हिशेबाने.

३७ ला १ म्हणजे कोनात किती? दहावीला त्रिकोणमिती झाली की कळतं: रेषेने क्ष-अक्षाच्या धन दिशेशी केलेल्या कोनाचा टॅन (काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू) म्हणजे चढ. कोन ४५ अंश असेल तर टॅन १, म्हणून चढही १. १/३७ साठी कोन येतो दीड अंशाच्या आसपास. कागदावर काढलात तर आडवी रेघ आणि ही रेघ यांतला फरक चटकन दिसणारही नाही, आणि तेवढ्यासाठी जादा इंजिनं लागतात.

परीक्षेत हे कुठल्या रूपात येतं

नुसता चढ काढा, हा सोपा प्रश्न. त्यापुढे दोन प्रकार नेहमीचे.

तीन बिंदू एकरेषीय, म्हणजे एकाच रेषेवर, आहेत का, हे विचारतात. उदाहरणार्थ प(−२, −१), फ(१, १), भ(७, ५). प आणि फ यांचा चढ: (१ + १) ÷ (१ + २) = २/३. फ आणि भ यांचा चढ: (५ − १) ÷ (७ − १) = ४/६ = २/३. चढ समान आहेत आणि फ दोन्ही रेषांवर आहे, म्हणून तिन्ही बिंदू एकाच रेषेवर. ‘फ हा सामाईक बिंदू आहे’ हे वाक्य टाळू नका. चढ समान आणि सामाईक बिंदू नाही, असं असेल तर रेषा समांतरही असू शकतात.

दुसरा प्रकार: चढ देतात आणि एक निर्देशक लपवतात. (३, ४) आणि (न, १०) यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ २ आहे, तर न किती? उभा फरक ६, आडवा फरक न − ३, म्हणून ६ ÷ (न − ३) = २. यावरून न − ३ = ३ आणि न = ६. उत्तर परत घालून बघा: ६ ÷ ३ = २.

पायऱ्या पूर्ण लिहा: आधी सूत्र, मग किमती घातलेली ओळ, मग उत्तर. शेवटी वजाबाकी चुकली तरी वरच्या ओळींचे गुण हाती लागतात.

सरावाला

बिंदू एकाखाली एक मांडून, आधी रेषा चढते की उतरते याचा अंदाज बांधून मग करा.

१. (४, १) आणि (७, १०)
२. (−५, ३) आणि (−२, −३)
३. (६, −४) आणि (−१, −४)
४. (−३, ८) आणि (−३, −१)
५. (०, ०) आणि (−८, −६)
६. रिक्षाने ३ किलोमीटरला ५०.५० रुपये आणि ८ किलोमीटरला १३५.५० रुपये झाले. दर काढा.

उत्तरं: ३, −२, ०, निश्चित करता येत नाही, ३/४, १७ रुपये प्रति किलोमीटर. पाचव्यात −३/४ आलं असेल तर −६ ÷ −८ पुन्हा एकदा करा.